मुलाचं आजारपण, बहिणीचा हिस्सा आणि दोन वर्षांचा ताप

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ४४ वर्षांचा आहे. वडील अंथरुणाला खिळलेले असताना मी एका कागदावर त्यांची सही घेतली आणि घरातला धाकट्या बहिणीचा हिस्सा माझ्या नावावर करून घेतला. कागदात काय आहे हे समजण्याच्या स्थितीत ते नव्हते, आणि हे मला माहीत होतं. वडील गेले. बहिणीने बोलणं टाकलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या ९ वर्षांच्या मुलाला फिट्स यायला लागल्या. अपस्मार आहे असं निदान झालं. तेव्हापासून रोज रात्री गुडघे टेकून क्षमा मागतो, पण मन शांत होत नाही. आमच्या चर्चच्या पाळकांना मोघम सांगितलं. ते म्हणाले, प्रभूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलंय, मागचं विसरा. माझे प्रश्न असे: मुलाचं दुखणं ही माझ्या पापाची शिक्षा आहे का? देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, तर निवड माझी कशी? इतक्यांदा पश्चात्ताप करूनही क्षमा मिळाली असं का वाटत नाही? दोन वर्षं मी प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलेलं नाही, घ्यावं का? बहिणीचा हिस्सा परत केला तर मुलगा बरा होईल, असं हल्ली सारखं मनात येतं.

उत्तर:

प्रिय बंधू,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण चारही प्रश्नांची गाठ तिथे बसली आहे. हिस्सा परत केला तर मुलगा बरा होईल, असं तुम्हाला वाटतं. म्हणजे मुलाचं आजारपण आणि बहिणीचं देणं हे दोन हिशेब तुम्ही एकाच वहीत मांडलेत. ते वेगळे केल्याशिवाय पुढचं काहीच नीट होणार नाही. मुलगा बरा व्हावा म्हणून हिस्सा परत केलात, तर तो देवाशी केलेला सौदा होईल. त्यानंतर मुलाला पुन्हा फिट आली की तुम्ही म्हणाल, एवढं देऊनही देवाने ऐकलं नाही. आणि फिट्स थांबल्या, तर देव लेकराला ओलीस धरून वसुली करतो, असं आयुष्यभर वाटत राहील. बहिणीचं देणं द्यायचं ते तिचं आहे म्हणून. मुलगा उद्या ठणठणीत बरा झाला तरी द्यायचं आणि नाही झाला तरी द्यायचं.

आता मुलाचं. शिक्षा आहे का? नाही. हे उत्तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं नाही, बायबलमधल्या येशूच्या शुभवर्तमानात ते स्पष्ट आहे.

जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? आजार आहे म्हणजे पाप असणारच, फक्त कोणाचं ते सांगा, असा तो प्रश्न होता. येशूने सांगितलं, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही (योहान ९). लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. पण त्याला लागूनच तो म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. या दोन वाक्यांचा क्रम नीट पाहा. आपत्ती आणि अपराध यांची साखळी त्याने आधी तोडली, मगच पश्चात्तापाची हाक दिली. तुम्हालाही त्याच क्रमाने चालायचं आहे.

मार्काच्या नवव्या अध्यायात तर अगदी तुमच्या जागी उभा असलेला एक बाप भेटतो. त्याचा मुलगा जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस येतो, अंग ताठ होतं. येशू त्या बापाला विचारतो, याला असं किती दिवसांपासून होतंय? कोणताही चांगला डॉक्टर पहिल्या भेटीत हेच विचारतो. तू काय पाप केलंस, असं येशू विचारत नाही. शेवटी तो बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत करा. रोज रात्रीच्या तुमच्या लांबलचक प्रार्थनेऐवजी काही दिवस एवढंच एक वाक्य म्हणून पाहा. (त्या घटनेत अशुद्ध आत्म्याचा उल्लेख आहे म्हणून काही जण प्रत्येक फिटमागे भूत शोधतात. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त आणि फेफरेकरी यांचा उल्लेख वेगवेगळा केला आहे. अपस्मार हा मेंदूतल्या पेशींच्या विद्युत व्यवहाराचा आजार आहे आणि योग्य औषधोपचार मिळाले तर दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट्स आटोक्यात येऊ शकतात. विश्वासाची परीक्षा म्हणून एकही गोळी चुकवू नका. औषध अचानक बंद केल्याने फिट्स वाढतात.)

दावीद राजाच्या बाळाचं काय, असं तुम्हाला कोणीतरी नक्की विचारेल. दुसऱ्याची बायको असलेल्या बथशेबेपासून झालेलं बाळ सातव्या दिवशी मेलं, आणि त्याचा संबंध दावीदाच्या पापाशी जोडलेला आहे (दुसरे शमुवेल १२). ही कथा कठीण आहे, तिला गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण तिथे नाथान संदेष्ट्याने देवाच्या नावाने राजाला तोंडावर तसं सांगितलं होतं. तो एका माणसाला दिलेला निकाल आहे. तो उचलून स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या मुलावर लावण्याचा अधिकार कोणालाही मिळालेला नाही. सगळ्यांना लागू असलेला नियम यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आहे: मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही त्या वेळची म्हण यापुढे कोणी बोलायची नाही, असं देव त्या अध्यायाच्या सुरुवातीलाच बजावतो. दहा आज्ञांमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीची गोष्ट येते (निर्गम २०:५) तेव्हा ती देवाचा द्वेष करणाऱ्यांबद्दल आहे, आणि पुढच्याच ओळीत हजारोंवर दया करण्याचं वचन आहे. लोक पहिली ओळ सांगतात आणि तिथेच थांबतात.

संकटं कोसळलेल्या ईयोबाचे तीन मित्रही असेच होते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणाले, तिथे बिघडलं. शेवटच्या अध्यायात देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर होतो. तुम्ही गेली दोन वर्षं स्वतःशी त्या मित्रांच्या भाषेत बोलत आहात.

एक गोष्ट आजच करा. मुलाच्या कानावर 'माझ्यामुळे' हा शब्द पडला असेल, तर त्याच्याजवळ बसून साध्या शब्दांत सांगा: तुझा आजार डोक्यातल्या पेशींचा आहे, तो ना तुझ्या चुकीमुळे झाला ना माझ्या. नऊ वर्षांचं मूल बापाच्या रात्रीच्या रडण्याचा अर्थ स्वतःच लावत असतं, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच्या विरुद्ध लावतं.

मग दुःख येतं कशामुळे? माणसाच्या निवडीतून येणारं दुःख समजायला अवघड नाही. बहिणीचं जे झालं ते तुमच्या निवडीतून झालं. देवाने माणसाला प्रेम करण्याची मोकळीक दिली, आणि तीच मोकळीक लुबाडण्यासाठीही वापरता येते. पण आजाराला हे स्पष्टीकरण लागू पडत नाही, तिथे कोणी काही निवडलेलं नसतं. प्रेषित पौल म्हणतो की सगळी सृष्टी अजून कण्हत आहे, वेणा देत आहे (रोमकरांस ८:२२). याच्या पलीकडे, या मुलाला का आणि त्या मुलाला का नाही, याचं कारण ख्रिस्ती विश्वास सांगत नाही. लाजराच्या कबरेपाशी रडलेला आणि वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हे बाविसाव्या स्तोत्रातले शब्द उच्चारलेला प्रभू हा विश्वास आपल्यापुढे ठेवतो. दुःखात देव कुठे आहे याचं उत्तर त्यात मिळतं. ते कशासाठी आलं याचं मिळत नाही, आणि मिळतं असं जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून तुम्ही जरा जपून राहा.

दुसरा प्रश्न, देवाला आधीच ठाऊक असण्याचा. या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंत दीड हजार वर्षांहून जास्त काळ वाद घालत आले आहेत, त्यामुळे तुम्हाला तो छळतो यात नवल नाही. सहाव्या शतकात बोएथियस या रोमन विचारवंताने तुरुंगात मरणाची वाट पाहत असताना एक उत्तर दिलं, ते अजून टिकून आहे. तुम्ही खिडकीतून एखाद्याला चालताना पाहता. तुम्ही पाहता म्हणून तो चालत नसतो. देव काळाच्या रांगेत उभा नाही. आपल्याला जे काल, आज आणि उद्या वाटतं ते त्याच्यापुढे एकदम उघडं असतं. त्याचं जाणणं म्हणजे आपल्याला ढकलणं नव्हे.

हे कोणाला पटतं, कोणाला नाही. १५२४ आणि १५२५ साली विद्वान इरॅस्मस आणि धर्मसुधारक ल्यूथर यांनी माणसाच्या इच्छेच्या स्वातंत्र्यावर एकमेकांविरुद्ध लिहिलं. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत हाच वाद पुन्हा उफाळला. पण 'देवाला ठाऊक होतं, म्हणून दोष माझा नाही' असं या वादातल्या कोणत्याच बाजूने म्हटलेलं नाही. याकोब (१:१३-१४) सांगतो की मोहात पडलेल्याने देवाकडे बोट दाखवू नये. शिवाय कागद आपोआप तयार होत नाही. मजकूर लिहून घ्यावा लागतो, वेळ ठरवावी लागते, आजारी माणसाच्या हाती पेन द्यावं लागतं. यातल्या प्रत्येक पायरीवर थांबता येत होतं. काईनाला देव हेच सांगतो: पाप दाराशी टपून बसलंय, पण तू त्याच्यावर ताबा मिळवायला हवा (उत्पत्ती ४:७). हे भावाचा खून होण्याआधी सांगितलेलं आहे, हे विसरू नका.

याची दुसरी बाजूही खरी आहे. दोन वर्षं तुम्ही ठरवता आणि पाऊल उचलत नाही. पौलाने हीच तक्रार केली होती, जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही (रोमकरांस ७:१९). माणूस स्वतःच्या बळावर पापातून उठू शकतो असं मानणाऱ्या पेलागियसच्या शिकवणीला ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने नकार दिला. त्याच काळातल्या बिशप ऑगस्टीनने आयुष्याच्या उत्तरार्धात हाच मुद्दा लढवला: इच्छा आपली असते, पण ती वाकलेली असते, आणि तिला सरळ करणारी कृपा आधी येते. त्यामुळे तुमच्या मनातली टोचणी ही देव दूर गेल्याची खूण समजू नका. परत द्यावं असं वाटणं हेच कृपेचं काम आहे. देणं मात्र तुमच्या हातून व्हायचं आहे.

इथून तुमचा तिसरा प्रश्न सुरू होतो आणि माझ्या मते खरं काम इथेच आहे.

आपल्या मराठी शब्दाकडेच पाहा. पश्चात्ताप, म्हणजे नंतर होणारा ताप. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' आहे, त्याचा अर्थ मन बदलणं. जुन्या करारात संदेष्टे 'शूव' हा हिब्रू शब्द वापरतात, त्याचा अर्थ वळणं, मागे फिरणं, रस्त्यावरचा वाटसरू चुकीच्या वाटेवरून परत फिरतो तसं. आपल्या शब्दात जळणं आलं, वळणं राहून गेलं. तुम्ही दोन वर्षं प्रामाणिकपणे जळत आहात. वळला मात्र नाहीत. हिस्सा अजून तुमच्या नावावर आहे आणि क्षमा रोज रात्री मागितली जात आहे. मनाला शांती मिळत नाही याचं कारण मला इथेच दिसतं. शांती नाही म्हणजे क्षमा नाही, असं समजू नका. सद्सद्विवेक अजून जिवंत आहे आणि तो तुम्हाला बहिणीच्या दाराकडे ढकलतो आहे.

पौल दुःखाचे दोन प्रकार सांगतो (दुसरे करिंथकरांस ७:१०): एक देवाकडे वळवणारं आणि दुसरं मरणाकडे नेणारं. पेत्र आणि यहूदा या येशूच्या दोन शिष्यांची उदाहरणं एकाच रात्रीतली आणि तिच्या लगतच्या सकाळची आहेत. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. यहूदाने तर कबुली दिली, निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं असं म्हटलं, ३० रुपेरी नाणीही परत नेऊन टाकली. दुःख, कबुली, परतफेड, सगळं होतं. पण तो ज्यांच्याकडे गेला त्या मुख्य याजकांनी 'त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ' म्हणून हात झटकले, आणि तो एकटाच जाऊन मेला. येशूकडे तो गेलाच नाही. पेत्र इतर शिष्यांमध्ये परत आला, तिथेच थांबला. एकट्याने जळत राहणं किती धोक्याचं असतं ते यात दिसतं. जगू नये असा विचार तुमच्याही मनात डोकावत असेल, तर त्याच दिवशी पत्नीला आणि डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आता काय करायचं ते सांगतो.

आधी लिहून काढा. अर्धं पान पुरे. काय केलं, कोणाकडून घेतलं, केव्हा, त्यातून मला काय मिळालं, आणि ते झाकण्यासाठी पुढे कोणकोणती खोटी विधानं केली. शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात, पण नात्यात विष बहुतेक वेळा तिथूनच भिनलेलं असतं. 'मी मोठा पापी आहे' असलं वाक्य या पानावर नको. ते नम्र दिसतं, पण त्याच्या आड नेमकं पाप लपतं.

मग हे पान घेऊन एका माणसापुढे बसा आणि ते वाचून दाखवा. पाळकांना तुम्ही मोघम सांगितलंत, म्हणून त्यांनीही मोघम उत्तर दिलं. त्यांचं अर्धं उत्तर बरोबर आहे: आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो (पहिले योहान १:९), त्यासाठी आणखी किंमत मोजायची नाही. पण मागचं विसरण्याचा सल्ला त्यांनी बहिणीची गोष्ट न ऐकता दिला. भेटीची वेळ आधी ठरवा, अर्धा-पाऊण तास मागून घ्या, आणि ही गोष्ट तुमच्यापाशीच राहील ना, हे सुरुवातीलाच विचारा. कॅथोलिक वाचकांसाठी हीच गोष्ट पापनिवेदनाच्या संस्कारात होते; तिथे धर्मगुरूवर गुप्ततेचं बंधन असतं आणि ते कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने त्या संस्कारात पश्चात्तापी माणसाच्या वाट्याची तीन कामं सांगितली: मनाचा खेद, कबुली आणि भरपाई. पापमुक्ती मिळाली तरी चोरलेलं परत करण्याचं कर्तव्य उरतंच, हे तिथेही शिकवलं जातं.

ही कबुली एकदाच द्यायची. तेच पाप रोज रात्री नव्याने उकरणं थांबवा. पुढे येशूसंघाचा संस्थापक झालेला इग्नाती लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा इथे याच चक्रात अडकला होता. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, तरी काहीतरी राहून गेलं असं वाटायचं, जीव द्यावा इथपर्यंत मन गेलं. मागची पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं ठरवल्यावरच तो सुटला. कबुली आणि परतफेड झाल्यावरही महिनोन्‌महिने हा विचार डोक्यातून हटला नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्यात अविश्वास नाही.

पत्नीला सांगायचं ते बहिणीला सांगण्याआधी. तिच्या पाठीमागे घराचा हिस्सा फिरवलात, तर जे बहिणीशी केलं तेच तिच्याशी कराल. मुलाच्या औषधांना पैसे लागतात, असं ती म्हणेल, आणि ते खरंही आहे. त्यावर उत्तर हे की मुलाचा खर्च आपल्या हिश्श्यातून करायचा. बहिणीच्या हिश्श्यातून तो भागवायचा अधिकार आपल्याला नाही. वेळ मागता येईल, हप्ते मागता येतील.

किती द्यायचं? लेवीयच्या सहाव्या अध्यायाचा हिशेब सरळ आहे: फसवून घेतलेलं मूळ पूर्ण परत आणि त्यावर पाचवा हिस्सा जास्त. मूळ १०० असेल तर १२०. त्याच अध्यायात देवाला वाहायचा दोषार्पणाचा मेंढा त्यानंतर येतो. आधी माणसाचं, मग देवाचं. जक्कय या जकातदाराने फसवलेल्यांना चौपट देण्याचं ठरवलं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, पण तो नियम नव्हता, ते आनंदाचं उधाण होतं. आणि हे लक्षात घ्या की येशू आधी त्याच्या घरी गेला, जक्कय हे सगळं नंतर बोलला. परतफेड करून क्षमा विकत घ्यायची नसते. क्षमा आधी घरात येते, मग पेटी उघडते. तुमच्या बाबतीत मूळ म्हणजे हिश्श्याची आजची किंमत, सही घेतली त्या दिवशीची नव्हे. मधल्या काळात त्या भागाचं भाडं घेतलं असेल तर ते वेगळं जोडा. पाचवा हिस्सा आजच्या ख्रिस्ती माणसावर सक्तीचा नाही, पण झेपत असेल तर द्या, कारण तुमच्यामुळे बहिणीची जी वर्षं गेली ती कुठल्याच मूळ रकमेत मोजली जात नाहीत. घरच परत करणं शक्य असेल तर घर द्या, ते शक्य नसेल तरच पैसे.

इथे काय चुकतं तेही सांगतो. काही जण बहिणीला न देता तेवढी रक्कम चर्चला किंवा अनाथाश्रमाला देतात. तिथे देणगीदार म्हणून मान मिळतो, बहिणीपुढे मान खाली घालावी लागत नाही. पण ते तिचे पैसे आहेत, दान करायचेच असतील तर ती करेल. काही जण 'आधी बोलायला लाग, मग देतो' अशी अट घालतात. काही तोंडी वचन देतात आणि वर्ष निघून जातं. म्हणून वकिलाकडून कागद करून घ्या, आणि तो तपासायला तिला तिच्या पसंतीचा वकील मिळू द्या, त्याची फी तुम्ही भरा. अशा सहीचे कायदेशीर परिणामही असू शकतात, ते तुमच्या वकिलाकडून आधी समजून घ्या. मात्र वकिलाकडे जायचं ते देण्याचा रस्ता विचारायला, सुटण्याची वाट शोधायला नाही.

आता बहिणीला लिहायचं पत्र. हातानं लिहा, एका पानात संपवा, कुटुंबाच्या गटावर काही टाकू नका, नातेवाइकाच्या तोंडी निरोप पाठवू नका. शौल राजाची कबुली आणि दावीदाची कबुली शेजारी ठेवून पाहा. शौल म्हणाला, मी पाप केलं, लोकांची भीती वाटली म्हणून केलं, आता वडीलजनांसमोर माझा मान राख (पहिले शमुवेल १५). दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. मूळ हिब्रूत हे दोनच शब्द आहेत. तुमचं पत्र असं काही असावं:

'बाबा आजारी असताना मी कागदावर त्यांची सही घेतली. त्यांना ते समजत नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. तुझा हिस्सा मी फसवून घेतला. नंतर तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. हे पाप होतं आणि ते माझं होतं. तुझा हिस्सा मी परत करतोय, कागदाचा मसुदा सोबत आहे. तुझ्या वकिलाला दाखव. यासाठी तू माझ्याशी बोलावंस किंवा मला माफ करावंस अशी कोणतीही अट नाही.'

खोटं बोलल्याचं वाक्य तुमच्या बाबतीत जसं घडलं तसं लिहा. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द नकोत; तिचं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे. 'बाबांचीही तशीच इच्छा होती' हे नको. आणि मुलाच्या आजाराचा एक शब्दही नको. तो लिहिलात तर तिच्या रागावर तुम्ही आजारी लेकराचं ओझं ठेवाल, आणि नाही म्हणणं तिला अशक्य करून टाकाल. तुमच्या निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल तुम्ही विचारलंत. क्षमा करायची की नाही आणि केव्हा, हे तिचं स्वातंत्र्य आहे. ती उत्तर देईल, सहा महिन्यांनी देईल, कदाचित हिस्सा घेईल आणि बोलणार नाही. घेतला नाही तर तो तिच्या नावे वेगळा ठेवा, तिच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाऊ नका. एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो, मी फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. हे वाक्य धरून बरेच जण माणसाकडे जाणं टाळतात. पण दावीदाने ज्याचा घात केला तो बथशेबेचा नवरा उरीया मेलेला होता, त्याच्याकडे जाण्याची वाटच उरली नव्हती. तुमची बहीण जिवंत आहे.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. तुम्हाला बहुधा करिंथकरांसच्या पहिल्या पत्रातल्या अकराव्या अध्यायाची भीती वाटते, कारण अयोग्य रीतीने भाग घेतल्यामुळे पुष्कळ जण दुर्बळ आणि आजारी झाले असं तिथे लिहिलं आहे. घरात आजार असलेल्या माणसाच्या हातून ती ओळ वाचून भाकर सुटणारच. पण ते कोणाला लिहिलं आहे ते पाहा. करिंथातले काही जण आधीच खाऊन तर्र होत होते आणि दुसरे उपाशी राहत होते (११:२१). गरिबाला लाजवणं ही ती अयोग्य रीत होती. आणि अठ्ठाविसावी ओळ माणसाने स्वतःची परीक्षा करून दूर राहावं असं म्हणत नाही, परीक्षा करून मग भाकर खावी असं म्हणते. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, समेट कर आणि मग येऊन अर्पण कर, असं आहे. म्हणजे परत येणंही त्याच आज्ञेत आहे. तुमच्याकडून होण्यासारखं होतं तेवढं तुम्ही केलंत, की समेट तिच्याकडून अडला म्हणून तुम्ही वेदीपासून अडायचं नाही. कॅथोलिक असाल तर आधी पापनिवेदन करा.

तेव्हा पाळकांसमोर ते पान वाचून दाखवा, पत्नीशी बोला, वकिलाचा मसुदा जोडून पत्र बहिणीच्या हाती पोचवा. त्यानंतर तुमच्या मंडळीत जे पहिलं प्रभुभोजन असेल त्याला जा, तिचं उत्तर आलं नसलं तरी.